शाईनं लिहिलेला पक्षी

कोट कुणी शिवला हे लोक विचारतात, कापड कुठून आणलं हेही विचारतात, पण काजं कुणी केली हे विचारायला आजवर कुणी आलेलं नाही. रोज बटण लावताना जे बोटांखाली येतं, ते करणारं कुणीतरी असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. आत्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. कुणी विचारत नाही म्हणजे काज चांगलं झालं, असं तिचं साधं म्हणणं होतं. काज उसवलं की मात्र गिऱ्हाईक बरोबर चौकशी करत येतं.

ती साऱ्या इमारतीची आत्या होती. खरी आत्या फक्त बारकीची, म्हणजे तिच्या भावाच्या पाचवीतल्या मुलीची. पण बारकीचं ऐकून वरखालची सगळी पोरं आत्या म्हणायला लागली, पोरांचं ऐकून त्यांच्या आया, आणि शेवटी तळमजल्यावरचे आजोबासुद्धा. तिच्याहून चांगले वीस वर्षांनी मोठे, पण काठी टेकत जिना चढून यायचे आणि म्हणायचे, "आत्या, एवढं बटण लावून द्या हो." आता कुणी तिला खऱ्या नावानं हाक मारली असती, तर कुणाला बोलावताहेत म्हणून तिनं मागं वळून बघितलं असतं.

दादाच्या घरात मागची खोली तिची. एक पलंग, एक कपाट आणि खिडकीपाशी हात नसलेली खुर्ची. खिडकी उघडायची ती डक्टमध्ये. चार भिंतींमधली ती उंच, अरुंद पोकळी. भिंतींवरून उतरलेले पाण्याचे पाइप, प्रत्येक मजल्याची एकेक खिडकी आणि वर रुमालाएवढं आभाळ. उजेड बेताचा, वारा नावाला, आवाज मात्र हवा तेवढा. तिसऱ्या मजल्यावर कुणी शिंकलं की पहिल्या मजल्यावरचा माणूस दचकायचा. आणि तो आवाज नक्की कुठल्या खिडकीतून आला, हे भल्याभल्यांना सांगता यायचं नाही. भिंती तो असा काही एकमेकींकडे टोलवायच्या की खालचा आवाज वरून आल्यासारखा वाटायचा.

सकाळी दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जायचा, वहिनी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायला जायची, बारकी शाळेत. घर रिकामं झालं की आत्या चौकातल्या कोटवाल्या मास्तरांकडून गठ्ठा घेऊन यायची आणि खुर्चीत बसायची. मशीननं काज चुटकीसरशी होतं, पण मास्तरांची गिऱ्हाइकं हातकाजाचं नाव घेऊन येणारी. खडूच्या खुणेवर कापड कापायचं, दोऱ्याला मेण लावायचं, कापलेल्या काठावर जाड दोरा धरून त्याच्यावर एकाला एक चिकटून टाके घालत जायचं. प्रत्येक टाक्याला गाठ. एक टाका जरी सैल पडला तरी काज तोंड वेडावल्यासारखं दिसतं.

आणि हे करताना आत्या शीळ घालायची.

ही गोष्ट घरात कुणालाही ठाऊक नव्हती. म्हणजे एकेकाळी ठाऊक होती. तिला शीळ शिकवली ती दादानंच, लहानपणी, गच्चीवर. शिकवताना त्याला वाटलं होतं, हिच्या तोंडून नुसती हवा येईल आणि आपल्याला हसायला मिळेल. झालं उलटंच. काही दिवसांत ती त्याच्या पुढे गेली. दादाची शीळ म्हणजे गाडी सुटल्याची. हिची अशी की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून वर बघायचा. पण तो थांबून बघायला लागला, तिथंच सगळं बिनसलं. पोरगी मोठी व्हायला लागली होती. आईनं एक दिवस तिला कोपऱ्यात घेतलं, चांगल्या घरातल्या मुलींना हे शोभत नाही म्हणून सांगितलं, आणि वर रडली. आई रागावली असती तर आत्या भांडली असती. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. दादाला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं गेलं आणि त्यानं ते चोख ठेवलं. तिनं कानाला खडा लावला.

मग पुढं बरंच काय काय झालं. लग्न जमता जमता राहिलं, आईचं दुखणं निघालं, ते तिनं शेवटपर्यंत काढलं, आणि आई गेल्यावर ती दादाकडे आली. या सगळ्यात शीळ कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. पण या खुर्चीत बसून पहिलं काज करायला घेतलं त्या दुपारी, घरात चिटपाखरू नसताना, तिचे ओठ आपोआप गोल झाले. तिला स्वतःलाच धक्का बसला. जुनी ओळखीची व्यक्ती दारात उभी राहावी तसं झालं. तेव्हापासून रोज दुपारी, काजाच्या टाक्यांच्या तालावर, ती मनात येईल ते वाजवायची. दारावर बेल वाजली की तोंडाला कुलूप. तिची अशी गोष्ट या घरात तेवढी एकच होती, आणि ती कुणाला सांगायची नव्हती.

बारकीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना पक्ष्यांचं वेड. त्यांनी मुलांना काम दिलं: आपापल्या घरातून जे पक्षी दिसतात, त्यांच्या नोंदी करायच्या. लांब जंगलात जायचं नाही, पुस्तकात बघून लिहायचं नाही. खिडकी, गॅलरी, जिना, गच्ची, जे काय असेल तिथून. प्रत्येक इमारतीचा एक मोठा तक्ता. आणि बाईंचा नियम असा, की नुसता आवाज ऐकलेला पक्षी पेन्सिलनं लिहायचा, डोळ्यांनी बघितलेला शाईनं. आधी पेन्सिलनं लिहून ठेवलेला पुढं दिसला, तर त्याच्यावरून शाई फिरवायची. "एक नोंद जरी खोटी निघाली," बाईंनी सांगून ठेवलं होतं, "तर मी त्या इमारतीचा अख्खा तक्ता बाजूला ठेवीन. कारण मग बाकीच्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

इमारतीतली पोरं कामाला अशी भिडली की अभ्यासाला कधी भिडली नव्हती. त्यांचा म्होरक्या तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा. त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण तो गुड मॉर्निंगला सुद्धा पुरावा मागायचा. तक्ता त्याच्या घरात, भिंतीवर. रोज संध्याकाळी पोरं तिथं जमून वाद घालायची. कबुतरं किती धरायची, कारण ती सगळ्यांच्याच खिडकीत बसतात. लंगडा कावळा एकच आहे की दोन. साळुंक्या भांडतात तेव्हा त्यांची नोंद एकत्र करायची की वेगळी. आजोबांनी तर घार बघितल्याचं सांगितलं, पण त्यांचा चष्मा त्या वेळी घरात होता हे वकिलानं सिद्ध केलं, आणि ती घार पेन्सिलनंसुद्धा लिहिली गेली नाही.

एका रात्री जेवताना बारकी म्हणाली, "बाबा, डक्टमध्ये एक नवा पक्षी आलाय."

"डक्टमध्ये कबुतरंच असतात," दादा म्हणाला.

"कबुतर नाही. हा गातो. मी सुट्टीच्या दिवशी जिन्यावरून ऐकला, वकील आजारी होता तेव्हा त्यानं मोरीतून ऐकला, वरच्या जुळ्या दुपारी घरीच असतात, त्यांनी पण ऐकला. लांब शीळ घालतो, मग बारीक बारीक चार-पाच, मग परत लांब. कुणालाच दिसत नाही. पेन्सिलनं लिहिलाय."

आत्याच्या हातातली वाटी ताटात आपटली.

"काय झालं गं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. गरम होती," आत्या म्हणाली. वाटीत दही होतं.

साऱ्या इमारतीनं ऐकलं होतं. पक्षी समजून ऐकलं, म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं ओठ घट्ट मिटून काजं केली, तिसऱ्या दिवशीही. काम तेवढंच, पण गठ्ठा संपता संपेना. मास्तरांनी एक कोट परत केला. "आत्या, तब्येत बरी आहे ना? हे काज तुमच्या हातचं वाटत नाही."

इकडे पोरांनी हाय खाल्ली. पक्षी गेला, नाहीतर मेला, अशी दोन मतं पडली. जुळ्या तर रडल्याच. मग सगळ्यांनी मिळून डक्टमधल्या प्रत्येक खिडकीच्या कठड्यावर पाण्याच्या वाट्या आणि तांदळाचे दाणे ठेवायला सुरुवात केली. आत्याच्याही खिडकीत बारकी एक वाटी ठेवून गेली. "आत्या, हलवू नकोस हं. तो तहानलेला असेल."

कबुतरांची चंगळ झाली. आत्या मात्र त्या वाटीकडे बघत बसली. आपण गप्प झालो म्हणून कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटावं, असं तिच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. ती बोलायची थांबली असती तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि इथं चार मजल्यांवर तिच्यासाठी पाणी भरून ठेवलं होतं! खरं सांगायचं तर तिला अभिमान वाटला, चक्क अभिमान. तिनं सुई उचलली, दोऱ्याला मेण लावलं, आणि आधी हळू, मग भरपूर दम घेऊन शीळ घातली. वरून कुठूनतरी एका जुळीची किंकाळी ऐकू आली, "आला! आला!"

त्या दिवसापासून ती जरा चढलीच म्हणायची. आजवर स्वतःसाठी वाजवत होती, आता ऐकणाऱ्यांसाठी वाजवायला लागली. कधी नवी सुरावट, कधी मध्येच थांबून त्यांना ताटकळत ठेवणं. संध्याकाळी पोरं जिन्यात त्यावर चर्चा करायची आणि ही भाजी निवडत निवडत कान देऊन ऐकायची. आपल्याच गाण्यावरचं बोलणं ऐकायला मिळावं आणि आपलं नाव मात्र कुणाला कळू नये, याहून आणखी सुख ते काय?

हे सुख फार टिकलं नाही. एका संध्याकाळी वकील दारात येऊन उभा राहिला. चेहरा असा की कुणाच्या घराला टाळं ठोकायला आलाय.

"बारकीला बोलवा. तिनं डक्टमधल्या पक्ष्यावर शाई फिरवली."

"मग? बघितला मी," बारकी आतून म्हणाली.

"कुठं बघितलास?"

"सांगणार नाही."

"रविवारी बाई गच्चीवर तक्ता बघायला येणार आहेत. सगळ्यांचे आईबाबा येणार आहेत. तू खोटं लिहिलंयस म्हणून त्या आमचा सगळा तक्ता फेकून देतील. पेन्सिल कर."

"शाई पेन्सिल होत नाही," बारकी म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

आत्याचा जीव टांगणीला लागला. पोरीनं थाप मारली, हे आपल्याएवढं स्पष्ट दुसऱ्या कुणाला कळणार? नसलेला पक्षी दिसेल कसा? आणि ही थाप मारायला लावली कुणी, तर आपण. कौतुकाला हपापलो आणि पोरीला खड्ड्यात घातलं. तिनं बारकीला मागच्या खोलीत बोलावलं.

"खरंच बघितलास?"

"हो."

"मला तरी सांग. कुठं?"

बारकी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही सांगणार. सांगितलं की तो लाजेल. मग परत कधी गाणारच नाही."

कार्टी पक्की झाली आहे, आत्याला वाटलं. डोळ्याचं पातं न लवू देता बोलते. आता खरं सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. जिभेवर आलंही. पण मग बारकी दादाला सांगणार, दादा वहिनीला, जुळ्या जगाला. या वयात, पांढऱ्या केसांची बाई, मागच्या खोलीत बसून शिट्ट्या मारते. शिवाय पोरांचा पक्षी जाईल तो जाईलच. तिनं नुसतं बारकीच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई ओरडल्या तर माझ्यामागे येऊन उभी राहा." आपण देऊन देऊन काय दिलं, तर उभं राहायला जागा. तिला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी गच्ची भरली. सतरंज्या घातल्या होत्या, कठड्याला टेकून मोठी माणसं बसली होती, तक्ता पाण्याच्या टाकीला दोरीनं बांधला होता. बाई लहानखुऱ्या, गळ्यात दुर्बीण, बोलणं हळू. आत्या चहाचा ट्रे घेऊन सगळ्यांत फिरत होती; अशा ठिकाणी हातात ट्रे असला की कुठं बसायचं हा प्रश्न पडत नाही. बाईंनी एकेक ओळ वाचली. लंगड्या कावळ्याला शाबासकी मिळाली. साळुंक्यांच्या भांडणाला तर टाळ्या पडल्या. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"डक्टमधला गाणारा. हा शाईनं आहे. कुणी बघितला?"

बारकी उभी राहिली. वकील लगेच म्हणाला, "बाई, आमचा या नोंदीला विरोध आहे. हिच्याशिवाय कुणीच बघितलेला नाही. ही खोटं बोलते."

लोकांत कुजबुज झाली. दादानं घसा खाकरला. त्याला चारचौघांत मान खाली घालायला लागणं म्हणजे मरण. "बारके, खरं काय ते सांग आणि मोकळी हो," तो म्हणाला. वहिनीनं ओठ दाबून धरले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आपण तिला विचारू. ज्यानं बघितलेला असतो त्याला सांगता येतं. केवढा होता?"

"मोठा."

"कावळ्याएवढा?"

"त्याच्याहून मोठा."

कुणीतरी हसलं. डक्टमध्ये कावळ्याहून मोठा पक्षी मावणार कुठं, असं वकील शेजारच्याला म्हणाला.

"रंग?"

"अंगावर बरेच रंग असतात, रोज वेगळे." आता हशा मोठा झाला. बारकीचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. "डोक्यावर पांढरं. कडेला थोडं काळं राहिलंय. डोळ्यांभोवती गोल कडा आहे."

"बरं. चोच?"

"चोचीत दोरा होता."

बाईंनी मान वर केली. "दोरा? म्हणजे घरटं बांधत होता?"

"नाही," बारकी म्हणाली. "त्याला स्वतःचं घरटं नाही. तो दुसऱ्यांच्या घरट्यात राहतो."

"कोकिळेसारखा," मागून एका जुळीनं सांगितलं. "ती पण दुसऱ्यांच्या घरट्यात."

"कोकिळेसारखा नाही!" बारकी एकदम चिडली. "कोकिळा आपली पिल्लं दुसऱ्यांना सांभाळायला देते. हा दुसऱ्यांची पिल्लं सांभाळतो."

आत्याच्या हातातला ट्रे एका बाजूला कलला. कप घसरत कडेला आले, आणि तळमजल्यावरच्या आजोबांनी पटकन हात घालून तो सावरला. तिला ते कळलंसुद्धा नाही. मागच्या आठवड्यात एक दिवस शाळा लवकर सुटली होती. आपण गठ्ठा संपवून बाहेर आलो तेव्हा बारकी पुढच्या खोलीत, दप्तर मांडीवर घेऊन, नुसतीच बसली होती. कधी आलीस गं, विचारलं तर म्हणाली, आत्ताच. तेव्हा आत्ताच नव्हती आली. दप्तरातल्या किल्लीनं, बेल न वाजवता, केव्हाच आत आली होती. दाराच्या फटीतून तिनं बघितलं होतं, आणि मग मुकाट्यानं पुढं जाऊन बसली होती, गाणं मोडू नये म्हणून.

"असा पक्षी मला तरी माहीत नाही," बाई सावकाश म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "आणि कधी गातो?"

"घरात कुणी नसलं की. पाहुणे आले की गप्प. बाबा घरी असले की गप्पच."

"शहाणा दिसतोय," आजोबा म्हणाले, आणि सगळी गच्ची खो खो हसली. दादाही हसला, कसनुसा.

"बारकी," बाई म्हणाल्या, "मला तुझा राग आलेला नाही. पण हे जे तू सांगतेस, ते मनानं रचल्यासारखं वाटतंय. तो कुठं बघितलास, तेवढं सांगितलंस तर मी स्वतः येऊन बघीन. नाही सांगितलंस तर मला ही नोंद खोटी धरावी लागेल. आणि नियम तुला माहीत आहे."

"सांग की!" वकील ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या तक्त्यावर त्याचाच तर जीव होता. जुळ्या मुसमुसायला लागल्या. "सांग ना गं, बारके. आमच्या साळुंक्या पण जातील."

बारकीनं एकदा तक्त्याकडे बघितलं, एकदा जुळ्यांकडे. आत्याकडे मात्र तिनं चुकूनसुद्धा बघितलं नाही, कारण तिकडे बघितलं असतं तर कुणालातरी कळलं असतं.

"मग खोटी धरा," ती म्हणाली.

आत्याला वाटलं, आपला ऊर फुटेल. एवढीशी पोर, सगळ्या जगाकडून खोटारडी म्हणवून घ्यायला उभी राहिली होती, कशासाठी, तर आपली एक शीळ लपलेली राहावी म्हणून. आणि आपण ट्रे धरून उभे. आई रडली तेव्हा आपण गप्प बसलो, त्यात निदान आईचं मन राखलं. आज गप्प बसून कुणाचं मन राखायचं?

ट्रे आजोबांच्याच हातात राहिला होता. तिचे दोन्ही हात रिकामे होते. तिनं पदराला, कशाला तरी धरावं म्हणून चाचपलं, मग सोडून दिलं, दम घेतला, आणि शीळ घातली.

लांब, सरळ, वर चढत जाणारी. मग बारीक बारीक चार-पाच. मग परत लांब.

गच्चीवरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. पोरांनी आभाळात बघितलं, वकिलानं टाकीवर, जुळ्यांनी अँटेनावर, बाईंनी तर दुर्बीण डोळ्यांना लावलीसुद्धा. एवढ्या सगळ्या लोकांत एकटी बारकी सरळ समोर, आत्याकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग एकेक मान खाली आली. आधी आजोबांची, ते तर शेजारीच होते. मग वहिनीची. मग सगळ्यांची. आत्याला वाटलं होतं, लोकांनी बघितलं की ओठ कोरडे पडतील, हवा सुटेल. पडले थोडे. एक सूर घसरला. दादा अर्धवट उठला होता. "अगं, हे काय…" एवढं बोलून त्याचा हात पुढं झाला, लहानपणी तिला गप्प करायला व्हायचा तसाच.

वहिनीनं तो हात धरला. "थांबा हो," ती म्हणाली, "पुरं होऊ दे तिचं."

आत्यानं पुरं केलं. शेवटचा सूर तिनं जरा जास्तच लांबवला, कारण डक्टच्या भिंती इथं नव्हत्या आणि तो किती लांब जातो ते तिला स्वतःलाच ऐकायचं होतं.

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. बाईंनी दुर्बीण खाली सोडली आणि आत्याच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे, गोल चष्म्याकडे बघत राहिल्या. मग बारकीकडे वळल्या.

"तू काहीच खोटं सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"पण ओळ खोडावी लागेल. हा पक्षी नाही."

"खोडा," बारकी नाक पुसत म्हणाली. "पण खोटी होती म्हणून नाही."

"नाही. खोटी होती म्हणून नाही."

वकिलानं पट्टी आणली. तो ती बाईंना देणार होता, पण मध्येच थांबला आणि बारकीच्या हातात दिली. तिनं पट्टी लावून एकच सरळ रेघ मारली. खालची अक्षरं तरीही वाचता येत होती. वकील तिच्याजवळ काहीतरी पुटपुटला, ते माफीसारखं होतं. मग आत्याकडे येऊन, घसा साफ करून त्यानं विचारलं की मधल्या त्या बारीक बारीक शिळा जिभेनं काढतात की ओठांनी. त्याला पुरावा हवा होता. आत्यानं त्याला जीभ कुठं टेकवायची ते दाखवलं. जुळ्यांनी तर तिथंच सुरुवात केली, आणि गच्चीभर नुसती हवा सुटायला लागली.

खाली उतरताना जिन्यात दादा तिच्या एक पायरी पुढं होता. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबला आणि मागं न वळता, हळूच, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, "अगं, सगळ्या इमारतीनं ऐकलं."

"हो," आत्या म्हणाली, चांगल्या मोकळ्या आवाजात. "ऐकलं."